गोपाळकृष्ण संकटात आहे

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या तोंडाशी, चार्जर आणि केबली विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘खेळघर’चं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा एसी आणि खालून सतत वर येणारा सोल्डरिंगच्या धुराचा वास. तिथे बसून नीरजा आगाशे मोबाइलवरच्या खेळांची परीक्षणं लिहायची. वेबसाइट शौनकची होती. तो तिचा कॉलेजातला मित्र. संपादक तोच, जाहिराती आणणाराही तोच.

नीरजाच्या वाट्याला बुरुजांचे खेळ आले होते. पडद्यावर एक वळणावळणाची वाट असते, तिच्यावरून शत्रू येत राहतात, आणि आपण कडेकडेने बुरूज बांधून त्यांना वेशीपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढाच हा खेळ. एके काळी तिला तो मनापासून आवडायचा. कुठल्या वळणावर कुठला बुरूज, आधी तोफ की आधी तिरंदाज, यात डोकं चालवण्याची मजा होती. पण सोशल मीडियावर खेळायचे हे नवे खेळ निराळ्याच जातीचे निघाले. पहिल्या पायऱ्या डोळे मिटूनही जिंकता येतात. मग अचानक शत्रूंचा लोंढा येतो, तुमचे बुरूज पत्त्यांसारखे कोसळतात, आणि खेळ हात पसरतो: मित्रांना बोलवा. मित्र आले नाहीत तर जाहिरात बघा. जाहिरातीत बर्फात कुडकुडणारी अर्धवट कपड्यांतली बाई आणि तिच्या कडेवर तान्हं मूल. तिला शेकोटी द्यायची की घोंगडी, ते तुम्ही ठरवायचं. जाहिरातीतला तो खेळ प्रत्यक्षात कुठे नसतोच. उघडून बघावं तर पुन्हा तीच वाट, तेच बुरूज, आणि तोंडातून हिरवी लाळ गाळणारे तेच राक्षस.

परीक्षणं लिहून झाली की नीरजा मोरीत जाऊन साबणाने हात धुवायची. शौनक हसायचा. म्हणायचा, “अगं, काचेवर बोटं फिरवतेस, गटारात नाही.”

“तुला फरक कळला की मला सांग,” ती म्हणायची.

पूर्वी या कामात तिला एक भागीदार होता. तिचे बाबा, गोपाळकृष्ण आगाशे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. नवा खेळ आला की नीरजा तो आधी त्यांना खेळायला द्यायची. सामान्य माणसाला तो कितपत कळतो ते बघायला. बाबा चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून खेळायचे आणि चहाबरोबर निकाल द्यायचे. “या सैन्याला सेनापती नाही, नुसता मुकादम आहे.” किंवा, “डोंगर आहे, दरी आहे, आणि हे गाढव रस्त्यानेच येतंय. याला समोच्च रेषा शिकवल्या नाहीत वाटतं कोणी.” ती वाक्यं ती जशीच्या तशी परीक्षणात घालायची, आणि वाचकांना नेमकी तीच आवडायची. गेल्या फाल्गुनात एका सकाळी बाबा तळजईवरून फिरून आले, बूट काढायला म्हणून खुर्चीत बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हापासून सहकारनगरच्या घरी नीरजा आणि आई अशा दोघीच.

श्रावण संपत आला होता. शौनक एका सकाळी हातात दोन चहा घेऊन तिच्या टेबलाशी आला. तो स्वतः चहा घेऊन आला म्हणजे काहीतरी मागणं असणार, हे तिला ठाऊक होतं.

“बुरूज बहाद्दर,” तो म्हणाला. “बालेवाडीची कंपनी आहे. इंग्लिशमध्ये ऑलरेडी हिट आहे, मराठीत वर्षभर ट्रायल चालू होती, आता धडाक्यात आणतायत. गणपतीत आपल्या साइटवर त्यांचीच जाहिरात असणार. तू खेळून बघ आणि जरा बरं लिही.”

“बरं असेल तर बरं लिहीन.”

“नीरजा, प्लीज. चार तारे. मी तुझ्याकडे पाच मागत नाहीये.”

तिने फोन घेतला आणि खेळ उघडला. या धंद्यातली असल्यामुळे तिने सगळ्या खेळांकडून येणारे निरोप, नोटिफिकेशन्स, कधीच बंद करून टाकले होते. त्यामुळे ‘बुरूज बहाद्दर’ने आजवर काय काय पाठवलं असेल, याचा तिला पत्ताच नव्हता. ट्रायलच्या वेळी तिने तो बाबांच्या फोनवर टाकून दिला होता, तेही ती विसरली होती. खेळाने तिची मित्रयादी मागितली. परीक्षणासाठी सगळंच बघायचं म्हणून तिने ती दिली. पहिली वाट, दुसरी वाट, लाळगाळू राक्षस, सगळं नेहमीचं. मराठी तर अशी, की जणू एखाद्या यंत्राने रागाच्या भरात ओकलेली. ‘तुमची तोफ भुकेली आहे. तिला खाऊ घाला.’

तिसऱ्या वाटेनंतर पडदा काळा झाला आणि ढोल वाजले. एक पडका बुरूज आला. बुरुजावर एक चित्रातला शिपाई उभा होता आणि त्याच्या धडावर खऱ्या माणसाचा चेहरा डकवला होता. तो बाबांचा चेहरा होता. महाबळेश्वरला नीरजानेच काढलेला, त्यांच्या प्रोफाइलवरचा फोटो, स्ट्रॉबेरी खाताना हसले होते तो. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवलं होतं. दोन्ही डोळ्यांतून निळे, मोठाले, चित्रातले अश्रू ओघळत होते. ओठ हसरेच होते.

खाली अक्षरं आली: ‘गोपाळकृष्ण संकटात आहे! तू आली नाहीस तर तो मरेल! मदत पाठव!’

 मोरीपर्यंत ती कशीबशी पोचली. घेतलेला चहा सगळा पडला. तोंडावर पाणी मारून ती परत आली तेव्हाही ढोल वाजतच होते, बाबा हसत रडतच होते. आणि मगाशी तिच्या नजरेतून सुटलेली एक ओळ बुरुजाखाली बारीक अक्षरांत दिसत होती. गोपाळकृष्णला शेवटची मदत: आज सकाळी. पाठवणारी व्यक्ती म्हणून तिच्या आईचं नाव होतं.

ती बॅग उचलून घरी निघाली. शौनक मागून काहीतरी विचारत होता, तिने ऐकलं नाही.

आई स्वयंपाकघरात भाजणीचं भांडं पुसत होती. नीरजाने काही न बोलता फोन तिच्यासमोर धरला. आईने एकदा पडद्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

“मला माहीत आहे ते गेलेत,” आई म्हणाली. “मला वेड लागलंय असं वाटत असेल तर आधीच सांगते, तसं नाही.”

“मग हे कशासाठी, आई?”

“दिवसकार्य उरकून पाहुणे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा आलं. मी देवाजवळ दिवा लावत होते. फोन वाजला, बघितलं तर हे असे, रडतायत. यंत्राने पाठवलंय हे कळत नाही का मला? पुसून टाकायला अंगठा नेला, पण तो खाली येईना.” आईने समोरचं भांडं बाजूला सरकवलं. “दारात उभा राहून माणूस मदत मागतोय आणि आपण दार लावून घ्यायचं, असं वाटलं. मग दाबलं एकदा. ते रडायचे थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडायला लागले.”

“आणि जाहिराती?”

“बघावी लागते ना, त्याशिवाय मदत जात नाही.” आईने तोंड वाकडं केलं. “पत्त्यांचा जुगार, केस उगवायचं तेल, ती थंडीतली बाई. रोज सकाळी आंघोळ करून, देवपूजेच्या आधी ते सगळं बघायचं, म्हणजे हे रडायचे थांबतात. मलाच शिसारी येते गं. पण थांबवलं तर ते पडणार, असं लिहितात. आणि लिहितात काय, ‘आहे’! आयुष्यात ह्यांना कोणी अरेतुरे केलं नाही. ‘आहेत’ लिहायला यांचं काय जातं?”

नीरजाला हसूही आलं नाही. आईचे हात पुन्हा भांड्याकडे गेले होते. भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती पुसत होती.

“अजून काहीतरी आहे,” नीरजा म्हणाली. “तू सांगत नाहीयेस.”

आईने मग सांगितलं. तिने मदतीचं बटण दाबलं, की तो खेळ तोच रडका चेहरा बाबांच्या सगळ्या मित्रमंडळींना पाठवत होता, तिला न विचारता, तिचंच नाव घालून: तुमच्या वहिनी मदत करतायत, तुम्ही कधी करणार? बाबांचे तळजईवरचे जोडीदार अनंतराव. तीस-बत्तीस वर्षांची मैत्री. त्यांनी महिन्यापूर्वी फोन केला होता. “वहिनी, गोपाळचा असा तमाशा मांडू नका. मला सहन होत नाही,” एवढंच बोलून ठेवून दिला. त्यांच्या सुनेच्या मंगळागौरीला आईला बोलावणं आलं नाही, आणि विधवेला टाळणारं ते घर नव्हे. फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गटात कोणी काही बोललं नाही, पण आई आल्यावर सगळ्या गप्प होऊ लागल्या. आईने फिरायला जाणंच सोडलं.

“मला वाटलं गुडघा दुखतोय म्हणून जात नाहीस.”

“गुडघा दुखतोच,” आई म्हणाली. “सोयीचा होता.”

दुसऱ्या दिवशी कंपनीने परीक्षकांना बोलावलं होतं. नीरजा स्कूटरवरून बालेवाडीला गेली. काचेची इमारत, आत रंगीत बीनबॅग, आणि भिंतीवर लाळ गाळणारा तो राक्षस पुरुषभर उंचीचा रंगवलेला. कंपनीचा मालक समर्थ नावाचा मुलगा होता, सव्वीस-सत्तावीसचा, पायांत पांढरे शुभ्र बूट, बोलणं अतिशय नम्र. तिला तो उद्धट असायला हवा होता, म्हणजे सोपं गेलं असतं.

त्याने सगळं दाखवलं. नीरजाने विचारलं, “जे खेळाडू खेळणं बंद करतात, त्यांच्या नावाने तुम्ही निरोप पाठवता?”

“येस मॅम, दॅट्स अवर बेस्ट फीचर!” तो खुलला. “आम्ही त्यांना स्लीपिंग हीरोज म्हणतो. जो माणूस रोज रिक्वेस्ट पाठवतो ना, त्याला लोक इग्नोर करतात. पण जो खूप दिवस गायब आहे, त्याच्या नावाने रिक्वेस्ट गेली की लोक लगेच उघडतात. काळजी वाटते त्यांना.”

“काळजी वाटते म्हणून.”

“एक्झॅक्टली.”

“त्यातली काही माणसं मेलेली असतात,” नीरजा म्हणाली. “माझे वडील आहेत तुमच्याकडे. फाल्गुनात वारले. माझी आई रोज सकाळी त्यांना वाचवते.”

समर्थचा चेहरा खरोखर उतरला. त्याने दोन्ही हात छातीशी नेले. “ओह. सो सॉरी, मॅम. रिअली.” क्षणभर नीरजाला वाटलं, या मुलाला कळलं. मग तो म्हणाला, “पण मॅम, एक बोलू? आंटी रोज येतात. म्हणजे त्यांचं काकांशी कनेक्शन आहे अजून. ते आमच्यामुळे टिकलंय ना? आपण काकांना एक स्पेशल बॅज देऊ शकतो. अमर योद्धा. सोनेरी शिरस्त्राण. अश्रू काढून टाकू, हवं तर.” त्याचे डोळे चमकले. शेजारच्या मुलीकडे वळून तो हळूच म्हणाला, “हे नोट कर. अमर योद्धा.”

नीरजाच्या हातात त्यांनी दिलेला मँगो ज्यूसचा पेला होता. तो तिने जपून खाली ठेवला, कारण हातात राहिला तर आपण तो कुठे फेकू याची तिला खात्री नव्हती. बाबांचं नाव काढून टाका, असं ती म्हणाली. तो म्हणाला, नक्की, फक्त रिक्वेस्ट काकांच्या स्वतःच्या फोनवरून यायला हवी, प्रायव्हसी असते ना, मॅम.

परीक्षण तिने त्याच दुपारी लिहिलं. त्यात बुरुजांबद्दल एक परिच्छेद होता आणि बाकी सगळं बाबांबद्दल, आईबद्दल, अनंतरावांच्या फोनबद्दल. शेवटी तारे नव्हते. शौनकने ते उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्चीत बसला.

“मला काका आवडायचे,” तो म्हणाला. “तुला माहितीये.”

“माहितीये.”

“पण हे असं नाही छापता येणार. पर्सनल आहे. एवढा भाग काढू, आणि ‘निरोप थोडे कमी असते तर बरं’ असं एक वाक्य घालू. तुझा मुद्दाही राहतो.”

“शौनक, ते मेलेल्या माणसाला रडायला लावून त्याच्या बायकोला जुगाराच्या जाहिराती दाखवतायत. त्यावर ‘थोडं कमी करा’?”

“सगळेच करतात गं.”

“म्हणूनच तर मी रोज हात धुते.”

तो ओशाळला, पण संध्याकाळी साइटवर परीक्षण झळकलं ते चार ताऱ्यांचं. बाबांचा भाग गेला होता, आणि खाली तिचं नाव होतं. नीरजाला मोरीतल्या वासापेक्षा त्या नावाचीच घाण वाटली. तिने शौनकला फोन करून आपलं नाव काढायला लावलं, ऑफिसची किल्ली दुसऱ्या दिवशी खालच्या केबलवाल्याकडे ठेवली आणि मूळ लेख आपल्या स्वतःच्या पानावर टाकला. फार गाजावाजा झाला नाही. पण खाली लोक लिहू लागले. कुणाची बहीण, कुणाचा वर्गमित्र, कुणाचे सासरे, सगळे बुरुजांवर उभे राहून रडत होते. अमरावतीच्या एका बाईने लिहिलं होतं, की ती मुलासाठी रोज मदत पाठवते, आणि ते बंद करायला तिला सांगू नये. ते वाचून नीरजाने फोन उपडा करून ठेवला. कंपनीने ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ असं सुरू होणारं एक निवेदन काढलं. आणि पितृपक्ष लागायच्या आधी सोनेरी शिरस्त्राणाचा ‘अमर योद्धा’ बाजारात आणला.

‘अमर योद्धा’ची जाहिरात बघितली त्या दिवशी आईने कपाटातून बाबांचा फोन काढला आणि चार्जिंगला लावला. नीरजा मदतीला गेली तर म्हणाली, “तू नुसती बस. मी करते.” चष्मा लावून तिने एकेक ओळ मोठ्याने वाचली. खेळाने विचारलं, नक्की का? मग बाबांचा चेहरा दाखवून विचारलं, गोपाळकृष्ण कायमचा मरेल, तरीही? आई बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“ते कसे गेले ते मी बघितलंय,” ती फोनला म्हणाली. “तुम्ही नका शिकवू.” आणि तिने बटण दाबलं.

 त्यानंतर ती तासभर बाल्कनीत जाऊन बसली. नीरजाने दोनदा चहा विचारला, दोन्ही वेळा मान हलली ती नाहीच्या दिशेने. मग आई आपणहून उठली, साडी बदलली आणि म्हणाली, “स्कूटर काढ. पद्मावतीला अनंतरावांकडे जायचंय.”

अनंतरावांनी दार उघडलं आणि दोघींना बघून त्यांना काय करावं सुचेना. “या,” म्हणाले, आणि वाटेतून बाजूला व्हायचंच विसरले. आत गेल्यावर आईने पाणीही न घेता सांगून टाकलं, की ते निरोप मी पाठवले नव्हते, माझ्या नावाने गेले, आता बंद केलेत, आणि तुम्हाला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. एवढं बोलून ती निघण्यासाठी उठलीसुद्धा.

“बसा हो, वहिनी,” अनंतराव म्हणाले.  खिशातून फोन काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला. “तुमच्यावर ओरडलो, कारण... मीही दाबत होतो ते बटण. दोन महिने. हिला कळू नये म्हणून गच्चीत जाऊन दाबायचो. गोपाळ रडतोय म्हणून. ज्या दिवशी त्याखाली तुमचं नाव आलं, त्या दिवशी माझी मलाच इतकी लाज वाटली, की राग तुमच्यावर निघाला.”

 नीरजा त्या दोन म्हाताऱ्या माणसांकडे बघत होती. एक देवघरापाशी, एक गच्चीत, दोघंही चोरून एकाच माणसाला वाचवत होती, आणि त्या चोरीपायी एकमेकांना दुरावली होती. तिला समर्थचे पांढरे बूट आठवले आणि तिच्या तोंडात पुन्हा कडवट पाणी आलं. तिला वाटलं होतं, आईने बटण दाबलं की ही मळमळ थांबेल. ती थांबली नव्हती.

“हे काढून टाक बरं,” अनंतरावांनी फोन तिच्यापुढे केला. “मला जमत नाही. काढायला गेलं की काहीतरी विचारतं.”

नीरजाने फोन घेतला. खेळ खरंच विचारत होता: का सोडताय? वेळ मिळत नाही. कंटाळा आला. फोनमध्ये जागा नाही. तिने यांपैकी काहीही न निवडता खेळ मुळापासून उपटून टाकला आणि फोन परत दिला.

काकू, म्हणजे अनंतरावांची बायको, आतून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. आईने बशी घेतली, पहिला घास खाल्ला आणि थांबली.

“मीठ विसरलात,” ती म्हणाली.

“मंगळागौरीला बोलावलं नाही म्हणून सूड घेताय होय?” काकू म्हणाल्या, आणि मीठ आणायला आत गेल्या.